लेडी डिटेक्टिव्ह आणि लग्नाचं साल

"व्हिक्टोरियन काळात बाई गुप्तहेर असणं शक्यच नव्हतं, प्रेम की स्वातंत्र्य हा तिचा पेच आजच्या मालिकावाल्यांनी मागाहून चिकटवलाय," असं सांगणारी पोस्ट बरीच फिरते आहे. तिचा एकेक मुद्दा बघू.

"पोलिसात बाई नव्हती." स्कॉटलंड यार्डात स्त्री गुप्तहेर नव्हती, हे खरं. पण पकडून आणलेल्या बायकांची झडती घ्यायला ठाण्यात बाईच लागे, आणि ती बऱ्याचदा पोलिसाचीच बायको असे. खासगी चौकशीचा धंदा तर वेगळाच. १८५७च्या कायद्याने घटस्फोट दिवाणी कोर्टात आला आणि व्यभिचाराचा पुरावा लागू लागला: कोण, कुठे, किती वाजता. मोलकरीण म्हणून घरात राहून हे टिपणं बाईला सोपं जाई. घोडं अडायचं ते पुढे. पैसे घेऊन पाळत ठेवणाऱ्याच्या एकट्या साक्षीवर न्यायाधीश सहसा विसंबत नसत. दुजोऱ्याला नोकर किंवा घरमालकीण उभी करावी लागे.

"ही कल्पनाच आजची." १८६४ साली लंडनमध्ये स्त्री गुप्तहेर नायिका असलेली दोन पुस्तकं निघाली. शेरलॉक होम्स आला १८८७ला. आणि घेरदार झग्यात पाठलाग कसा करणार, म्हणाल तर त्यांतल्या एका पुस्तकाची नायिका मिसेस पॅश्चल जमिनीतल्या भगदाडातून खाली उतरण्याआधी क्रिनोलाइन, म्हणजे झगा फुगवणारा कड्यांचा सांगाडा, काढून ठेवते.

"कमाईवर हक्कच नव्हता, मग स्वातंत्र्य कसलं?" सगळ्यात मोठी चूक इथे आहे. सज्ञान अविवाहित स्त्री आणि विधवा स्वतःच्या नावाने करार करू शकत, बुडालेल्या फीसाठी दावाही लावू शकत. लग्न झालं की हे सगळं जाई. १८६५ साली लग्न केलेल्या बाईने मिळवलेला शिलिंग कायद्याने नवऱ्याचा. १८७०पासून तिची कमाई तिची झाली, १ जानेवारी १८८३पासून मालमत्ताही. नांदायला नकार दिल्याबद्दलची कैद इंग्लंडने १८८४ साली रद्द केली. त्याच राणीच्या राज्यात, मुंबईत, १८८७ साली रखमाबाईंना मात्र "नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग" असा हुकूम झाला.

म्हणून अशी कथा वाचताना आधी लग्नाचं साल बघा. १८६४ची मिसेस पॅश्चल विधवा आहे. १८९७च्या कथांमधली तरुण गुप्तहेर डोरकस डीन विवाहित आहे, नवऱ्यावर तिचं प्रेम आहे, आणि दृष्टी गेलेल्या त्या चित्रकाराचं घर तिच्या फीवर चालतं.