पूरप्रवण घरमालकांस काही नम्र सूचना

चिपळूणात, त्यातही बाजारपेठेच्या सखल अंगाला, ज्यांचे स्वतःचे घर आहे अशा सर्व सुज्ञ बंधुभगिनींनी घरविम्याच्या नूतनीकरणाचे पत्र उघडण्यापूर्वी खाली बसावे, ही पहिली सूचना. मी ते उभ्याने उघडले. मागील वर्षी 3,870 रुपये असलेला हप्ता या वर्षी 7,240 रुपये झाल्याचे त्यात अत्यंत सौजन्याने कळवले होते आणि कारण म्हणून ‘पूरप्रवण क्षेत्र’ एवढे दोनच शब्द लिहिले होते. ज्या घराच्या माळ्यावर 22 जुलै 2021 रोजी आम्ही सहा माणसांनी आणि शेजाऱ्यांच्या मांजरीने दिवस व रात्र काढली, ते घर पूरप्रवण असल्याचे कंपनीने इतक्या वर्षांनी शोधून काढले, याबद्दल तिचे आभार मानावेत.

दुसरी सूचना अशी की, दावा केला नाही याचा अभिमान बाळगू नये. मोटारीचा विमा असता आणि पाच वर्षे दावा केला नसता, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपोटी घेतल्या जाणाऱ्या हप्त्यात 50 टक्के सवलत मिळाली असती. मी 2021 च्या ऑगस्टमध्ये, गाळ उपसून हात सुटण्याच्या आधीच, घराचा विमा उतरवला आणि तेव्हापासून एक रुपयाही मागितलेला नाही. घराला चाके नाहीत, हा दोष माझाच.

विम्याची रक्कम किती असावी, हे एजंटावर सोपवावे. विमा इमारतीचा असतो, जमिनीचा नव्हे. चटईक्षेत्राला बांधकामाच्या चालू दराने गुणले की रक्कम निघते, हे तिसरीतल्या मुलाला जमेल असे गणित आहे. परंतु एजंट आपुलकीने घराचा बाजारभाव लिहितो. जमीन पुरात वाहून जाणार नाही, हे ठाऊक असूनही आपण तिचाही हप्ता भरावा, म्हणजे त्याच्या मनाला बरे वाटते.

चौथी सूचना महत्त्वाची आहे. पुरापासून घर वाचवण्यासाठी स्वतःच्या खिशातून दमडीही खर्च करू नये. मी हा मूर्खपणा केला. पूर ओसरल्यावर खालच्या मजल्यावरील विजेची सगळी बटणे डोक्याच्या वर नेली, पाण्याची मोटर उचलून जिन्याच्या वळणावर बसवली, प्लायवुडची कपाटे काढून कडाप्प्याची मांडणी करून घेतली आणि कागदपत्रे कायमची माळ्यावर नेली. यांची बिले पिशवीत घालून मी वाढीव हप्त्याचा जाब विचारायला गेलो, तेव्हा संगणकासमोर बसलेल्या तरुणाने मला एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे पिनकोड. मी 415605 म्हणालो आणि त्याचे काम संपले. जोत्याची उंची किती, पाणी भिंतीवर कुठवर आले होते, नदी किती अंतरावर आहे, घर दगडी चिऱ्याचे आहे की विटांचे, यांपैकी काहीही विचारण्याची त्याला गरज नव्हती, कारण त्या पडद्यावर त्यासाठी रकानाच नव्हता. माझी धाकटी बहीण याच पिनकोडात, चढावर राहते. तिच्या अंगणात पुराचे पाणी आजवर कधी आलेले नाही आणि यायचे झालेच तर आधी निम्मे चिपळूण बुडावे लागेल. तिलाही तेच दोन शब्द आणि जवळजवळ तीच वाढ! मी हे त्या तरुणाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “काका, सिस्टीम घेत नाही.” नदी पिनकोड वाचून गावात शिरते, असे ज्या शहाण्यांना वाटते त्यांच्या हाती आमच्या जोखमीचा हिशेब आहे आणि त्या हिशेबाला ते शास्त्र म्हणतात. ही बिले मी का जपून ठेवली, कोण जाणे.

शक्य असल्यास टेकडीवर, आणि तेही दुसऱ्या पिनकोडात, जन्म घ्यावा.

पॉलिसी वाचू नये. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक झाले. तिच्या मूळ संरक्षणातच पूर आहे. घराचा विमा घेतला की घरातील सामानालाही इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपये, संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी मात्र वेगळे सांगावे लागते. ही पॉलिसी आल्यावर चार महिन्यांच्या आतच वाशिष्ठी नदी आमच्या घरात आली, आणि तोवर आमच्या आळीत या पॉलिसीचे नावही कोणी सांगितले नव्हते. आता सगळे सांगतात, वाढीव दराने.

कराबद्दल कुरकुरू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरील जीएसटी माफ झाला. घराच्या विम्यावरचा 18 टक्के तसाच आहे. मरावे, आजारी पडावे, पण घर बांधू नये.

नदीविषयीच्या सरकारी रेषांचा आदर करावा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगतात. आमच्याकडचे दोन महापूर, 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, यांत 16 वर्षांना चार दिवस कमी पडतात. या रेषांमुळे आमची बांधकामे अडली आणि घरांचे भाव पडले. पात्र मात्र भरतच राहिले. ‘गाळ काढा’ एवढे म्हणण्यासाठी चिपळूणकरांना उपोषणाला बसावे लागले. मग लाखो घनमीटर गाळ निघाला. तो निघाल्याने जोखीम किती कमी झाली, हे कोणत्या विमा कंपनीने विचारले? कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून झालेले पाणी, वाशिष्ठीत किती आणि केव्हा सोडायचे, हे मी ठरवत नाही. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी नदीला मागे सारते, तेही माझ्या सांगण्यावरून नाही. ज्यांच्या हातात यातील काही आहे त्यांना कोणताही हप्ता नाही, आणि ज्याच्या हातात काही नाही त्याला जवळजवळ दुप्पट आकारणी करताना विमा कंपन्यांना लाज वाटत नाही.

आणि गावकऱ्यांनो, तुम्हीही गप्प बसा असे मी म्हणणार नाही, पण आधी शिव नदीत रात्री राडारोड्याचे टेम्पो रिकामे करणे थांबवा. ते टेम्पो मुंबईहून येत नाहीत. तुमच्याच घरांच्या जुन्या भिंती त्यांत असतात, आणि त्या माझ्या ओटीवर येतात.

हप्ता मी भरणार आहे. पूर्ण पडलेल्या घराला 2021 साली सरकारकडून दीड लाख रुपये मिळाले. दीड लाखात किती घर उभे राहते, ते मी शेजारी पाहिले आहे. परंतु पुढील वर्षी दर ठरवण्यापूर्वी कंपनीने पिनकोडाऐवजी एक माणूस मोजपट्टी घेऊन पाठवावा. खालच्या खोलीत पाण्याची खूण अजून भिंतीवर आहे. तेवढी जागा रंगवताना मी मुद्दाम सोडली आहे.