परदेशातून : सहा ढीग, एक वीट

गणितावरचे मायदेशातले वाद मी इथे इंग्लंडमध्ये बसून नेमाने वाचतो, आणि ते बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : अमुक सूत्र आधी कोणाला सापडले, आपल्याला की युरोपला? प्रश्न रास्त आहे. केरळचे गणिती माधव यांच्या परंपरेने 'पाय'ची (π, वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी गुणोत्तर) अनंत श्रेणी, म्हणजे कधीही न संपणारी बेरीज, युरोपच्या आधी मांडली, हे ठणकावून सांगायलाच हवे. मात्र त्याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजींनी वर्गांच्या बेरजेचे (१ × १ + २ × २ + ३ × ३ … अशा) सूत्र आकृती रचून, डोळ्यांना दिसेल असे सिद्ध केले होते, याचा उल्लेख त्या वादात क्वचितच येतो.

मुलीच्या लाकडी ठोकळ्यांनी मी ते करून पाहिले. तळाला नऊ (३ × ३), त्यावर चार (२ × २), त्यावर एक, सगळे थर एकाच कोपऱ्याला जुळवून डिंकाने चिकटवले की १४ ठोकळ्यांचा पायरीदार ढीग होतो. असे तीन ढीग एकमेकांत बसवले की वरती सहा ठोकळ्यांचा अर्धा थर उघडा राहतो. उरलेल्या तीन ढिगांची आरशातल्या प्रतिबिंबासारखी जोडणी त्यावर पालथी घातली की ते दोन अर्धे थर एकमेकांत अडकतात आणि ३ × ४ × ७ ची, ८४ ठोकळ्यांची सलग वीट हाती येते. म्हणजे एक ढीग विटेचा सहावा भाग. सूत्रही तेच सांगते : शेवटची संख्या, तिच्या पुढची संख्या आणि त्या दोघींची बेरीज यांच्या गुणाकाराला सहाने भागा. हा सहाने भागाकार येतो कुठून, हे शाळेत पाठांतर करूनही मला कधी उमगले नव्हते.

इकडे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. संगणकाने काढलेली रंगीत भौमितिक चित्रे दिनदर्शिकांवर छापून 'गणित सुंदर आहे' म्हणण्याची इथे हौस फार, पण कारण न कळता पाहिलेली आकृती म्हणजे नुसता भिंतीवरचा कागद, असे माझे मत आहे. तरी याच देशात २०२२ साली डेव्हिड स्मिथ या निवृत्त मुद्रणतंत्रज्ञाने छंद म्हणून जाड कागद कापून मांडता मांडता तेरा बाजूंची 'टोपी' शोधली : हा एकच आकार सगळे प्रतल (अमर्याद सपाट पृष्ठभाग) फटी न ठेवता व्यापतो, पण त्याची नक्षी ठरावीक अंतराने जशीच्या तशी कधीच परतत नाही. सिद्धतेसाठी त्यांना तिघा जाणकारांची साथ लागली, आणि मार्च २०२३ मध्ये चौघांच्या नावे शोधनिबंध आला. अशा कागद कापणाऱ्या हातांना आपल्या वादात जागा नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

मुलीला आता चार थरांची वीट हवी आहे. तिला १८० ठोकळे लागतील, आणि आमचे ८४ तर चिकटून बसले आहेत.