365 विरुद्ध 65, तरी अडलं

नानांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाजवळ धरला आणि अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या रांगेचा तक्ता बोटाने सरकवत खाली आणला. भारत, नोकरीवर आधारित, दुसरी श्रेणी. रांगेत त्यांच्या मुलाची तारीख 2015ची. तक्ता अजून तिथवर पोचलेला नाही. तलावपाळीच्या कठड्यावर दर महिन्याला आम्ही हे बघतो आणि मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही.

या वेळी मन्या बोलला. "नाना, त्यांच्याकडून काही व्हायचं नाही. दोन पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत. 2025 मध्ये 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकारच बंद होतं. विमानतळाचे कंट्रोलर पगाराविना ड्यूटी करत होते!"

"सरकार बंद पडतं म्हणजे काय, हेच मला कळत नाही," मास्तर म्हणाले. "आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान घेतात. लोकसभेने पैसेच नाकारले तर सरकार जातं."

तिकडे अध्यक्ष चार वर्षं जागचा हलत नाही, म्हणून पेच सुटत नाही. पण हे 'बंद' काही त्यांच्या घटनेत लिहिलेलं नाही, हे मी मास्तरांना सांगितलं. 1980च्या आधी खर्चाची मंजुरी लांबली तरी कार्यालयं बहुतेक चालूच राहायची. त्या वर्षी अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी 1884च्या एका कायद्याचा अर्थ लावला, की पैसे मंजूर नसतील तर काम थांबवायचं. माणसांनी लावलेला अर्थ माणसंच कायदा करून बदलू शकतात. मंजुरी नसेल तर गेल्या वर्षीच्या दराने पैसे चालू राहतील, एवढं लिहिलं तरी पुरे.

"लिहिणार कोण? तेच दोघं ना, भांडणारे!" मन्या हटेना.

मला त्याचं पटत नाही. भांडण खरं आहे, पण अडतं ते नेहमी भांडणामुळेच असं नाही. नानांच्या मुलाचंच बघा. कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्ड नाहीत. नोकरीवाल्यांसाठी ही अट काढायचं विधेयक जुलै 2019 मध्ये प्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्षांची मतं होती त्यात. सिनेटमध्ये, म्हणजे तिकडच्या वरच्या सभागृहात, एकेका सदस्याच्या हरकतीवर ते लटकलं. डिसेंबर 2020 मध्ये तिथेही मंजूर झालं, पण मसुदा बदलून. दोन्ही मसुदे जुळवायला महिनाभर उरला होता. ते जुळले नाहीत, त्या संसदेची मुदत संपली आणि विधेयक गेलं.

नाना हळूच म्हणाले, "त्या रात्री मुलाने फोन केला होता. झालं बाबा, म्हणाला."

मास्तरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बघा," मन्या म्हणाला, "बहुमत असूनही होत नाही. मग उपाय काय?"

उपाय आहे, आणि तो वापरून झालेला आहे. प्रतिनिधीगृहात कुठलं विधेयक मतदानाला घ्यायचं ते स्पीकर आणि त्याचा पक्ष ठरवतो. पण 435 पैकी 218 सदस्यांनी सह्या केल्या की स्पीकरला डावलून ते थेट सभागृहात आणता येतं. डिस्चार्ज पिटिशन म्हणतात त्याला. सरकारी पेन्शन मिळणाऱ्या शिक्षकांचे, पोलिसांचे, अग्निशमन दलातल्या लोकांचे सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे केंद्राकडून म्हातारपणी मिळणारे, पैसे कापणारे दोन जुने नियम होते. 28 लाखांहून जास्त लोकांना त्याची झळ बसत होती. ते रद्द करायची विधेयकं वीसेक वर्षं येत होती आणि मतदानाशिवाय मरत होती. 2024 मध्ये व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅट अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर आणि लुइझियानाचे रिपब्लिकन गॅरेट ग्रेव्ह्ज यांनी मिळून 218 सह्या जमवल्या. नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहात 327 विरुद्ध 75. डिसेंबरात सिनेटमध्ये 76 विरुद्ध 20. 5 जानेवारी 2025 ला अध्यक्षांची सही.

मास्तर सरळ होऊन बसले. "शिक्षकांचं पेन्शन? सह्या कशा मिळाल्या?"

"शिक्षकांच्या, पोलिसांच्या संघटना आपापल्या खासदाराच्या मागे लागल्या. प्रत्येक मतदारसंघात ही माणसं आहेतच."

"पण त्या कायद्याने 10 वर्षांत जवळजवळ 200 अब्ज डॉलरचा बोजा येणार होता," मन्या म्हणाला. बँकेत असल्याने आकडा त्याला बरोबर आठवतो. "सगळ्यांना खूश करणारं विधेयक लगेच पार पडतं. कठीण निर्णय असा होईल?"

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो मान्य केला. सह्यांनी मतदान होतं, शहाणपण येतंच असं नाही. पण ज्याला खर्च नको होता त्याने उघड विरोधात मत दिलं, आणि त्याचं नाव नोंदलं गेलं. कपाटात कुजण्यापेक्षा मला हे शंभरदा मान्य.

"आपल्याकडे पक्षादेश मोडला तर 1985च्या कायद्याने पद जातं," मास्तर म्हणाले. "तिकडे तसा कायदा नाही. मग ही माणसं सही करायला भितात कशाला?"

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीला भितात. तिथे थोडे आणि कडवे लोक मत देतात. अलास्का राज्याने हे बदललं. सगळ्या पक्षांची प्राथमिक फेरी एकच, पहिले चौघं पुढे, मग मतदाराने पसंतीक्रम द्यायचा. ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात ते दोषी असल्याचं मत देणाऱ्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मुर्कोव्स्की 2022 मध्ये याच पद्धतीत निवडून आल्या. 2024 मध्ये ही पद्धत मोडायचा प्रयत्न झाला आणि हजाराहून कमी मतांनी फसला. किती थोडक्यात वाचली!

नाना अजून तक्त्याकडेच बघत होते. "शिक्षकांना मत होतं रे. माझ्या मुलाला कुठे आहे? दहा वर्षं कर भरतोय, पण त्याचा फोन कोण घेणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मन्यालाही नाही.

मास्तरांनी विचारलं, "त्याच्या ऑफिसातल्या साहेबाला आहे ना मत? शेजाऱ्याला? सुनेच्या मैत्रिणींना?"

नानांनी घड्याळ बघितलं. इकडे संध्याकाळचे सात, तिकडे सकाळ. चष्मा खाली ओढून ते एका बोटाने मुलाला मेसेज लिहू लागले. मध्येच मान वर करून त्यांनी विचारलं, "सह्या किती म्हणालास?"

"दोनशे अठरा, नाना."