घरचं नेट एमबीपीएसवर, मोबाईलचं जीबीवर: असं का?

ब्रॉडबँड घेताना आपण विचारतो "किती एमबीपीएस?", म्हणजे वेग किती, आणि मोबाईलचा रिचार्ज मारताना विचारतो "किती जीबी?", म्हणजे एकूण डेटा किती. व्हिडिओ तोच, मग मापं दोन का?

कारण खर्च वेगवेगळ्या जागी होतो. घरापर्यंत फायबर ओढली की मोठा खर्च झालेला असतो. मग महिन्याला ५० जीबी वापरा नाहीतर ५००, कंपनीला फारसा फरक पडत नाही. वाटणी तिथेही असतेच. जीपीऑन या, एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीत अडीच जीबीपीएसची (अडीच हजार एमबीपीएसची) एक लाइन बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत विभागलेली असते. पण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग खेचत नाहीत, म्हणून निभतं. टॉवरचं गणित अवघड. स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नलसाठी मिळालेल्या रेडिओ लहरींचा पट्टा, मर्यादित, आणि टॉवरच्या टप्प्यातले सगळे फोन तोच वाटून घेणार. त्यात जाड भिंतींआड सिग्नल कमी मिळणारा फोन तेवढ्याच डेटासाठी टॉवरचा जास्त वेळ खातो. म्हणून मोबाईलचा जीबी महाग, हे मला पटतं.

पटत नाही ते पुढचं. टॉवरवर गर्दी होते ती दिवसातले ठरावीक तास. पहाटे तीनला तो जवळपास मोकळाच असतो. तरी बहुतेक प्लॅनमध्ये दोन्ही वेळचा जीबी सारखाच मोजला जातो. वर मुदत संपली की उरलेला डेटा रद्द! त्याने गर्दी कशी कमी होणार? उलट लोक मुदतीआधी तो संपवायला बघतात. पैसे भरून घेतलेला डेटा पुढच्या महिन्यात मिळालाच पाहिजे. काही कंपन्या देतातही, मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

सगळ्यात जास्त भरडले जातात ते घरी लाइन नसलेले. हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की तो त्याला साधं वाय-फाय समजतो आणि मागच्या मागे अपडेट उतरवायला लागतो. सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' (म्हणजे मोजका डेटा असलेलं) केलेलं नसेल, तर अभ्यासासाठी राखलेला डेटा तिथेच संपतो. पाच एमबीपीएसने तासभर व्हिडिओ पाहिला तरी सव्वादोन जीबी जातात.

आणि 'अनलिमिटेड' ब्रॉडबँड? १०० एमबीपीएसची लाइन महिनाभर अखंड चालली तर ३२ टीबी, म्हणजे सुमारे ३२ हजार जीबी, होतात. एवढं जवळजवळ कुणीच वापरत नाही, तरी अनेक प्लॅनमध्ये डेटाची मर्यादा असते. असू द्या. पण ती अटींच्या बारीक अक्षरात नको, वेगाच्या आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. मर्यादा ओलांडल्यावर वेग किती उरतो, तेही तिथेच लिहा.