क्रिल म्हणजे जवळा नव्हे, आणि न संपणारा साठाही नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. वर निळ्या देवमाशाचं चित्र, खाली क्रिल तेलाच्या कॅप्सूल घेण्याची शिफारस आणि मधे पाच दावे. क्रिल म्हणजे दक्षिण ध्रुवाकडचा जवळाच, कितीही काढला तरी पुढच्या वर्षी तेवढाच येतो. माणसाने देवमासे मारले, त्यामुळे क्रिल बेसुमार वाढलं. अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ घटत नाही, वाढतोय. क्रिलची मासेमारी एकूण साठ्याच्या एक टक्काही नाही. आणि शेवटचा, एवढ्या लांबच्या समुद्राशी आपला संबंधच काय? मजकूर सफाईदार आहे, आकडे आहेत, म्हणून शिकलेली माणसंही तो बिनदिक्कत पुढे पाठवताहेत. मला हे गंभीर वाटतं, म्हणून एकेक दावा घेतो.

जवळ्यापासून सुरुवात करू, कारण तो आपल्या ओळखीचा. घाटाखालून येणारी सुकट पावसाळ्याच्या बेगमीला आपल्याकडे घरोघरी घेतली जाते. त्यातला एक जवळा तळहातावर घेऊन नीट बघा. दोन-तीन सेंटीमीटरचं अंग आणि काळ्या टिंबासारखे डोळे. हा प्राणी किनाऱ्याजवळच्या उथळ, उबदार पाण्यातला. त्याचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं, त्यामुळे यंदाचा जवळा बहुतेक गेल्या हंगामातल्या जवळ्याचीच पिल्लं. अंटार्क्टिक क्रिल दिसायला तसंच, पण कूळ वेगळं. ते 6 सेंटीमीटरपर्यंत वाढतं. त्याचे कल्ले कवचाखाली झाकलेले नसतात, बाहेरून दिसतात. अंगावर उजेड देणारे अवयव असतात, आणि शेवाळ खाऊन भरलेलं पोट पारदर्शक अंगातून हिरवं दिसतं. खरा फरक मात्र वयाचा आहे. क्रिल पाच ते सात वर्षं जगू शकतं आणि अंडी घालण्याजोगं व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. लागोपाठ दोन-तीन हंगाम पिल्लं जगली नाहीत, तर मोठ्यांची संख्या काही काळ ठीक दिसते आणि मग एकदम खाली येते. ‘पुढच्या वर्षी तेवढाच येतो’ हे गणित इथे लागू पडत नाही.

देवमाशांचा दावा ऐकायला सगळ्यात पटण्यासारखा आहे. खाणारे गेले की खाद्य उरणार, हे कुणालाही पटेल. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. 1904 मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर देवमाशांच्या शिकारीचं पहिलं ठाणं उभं राहिलं आणि विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे 20 लाख देवमासे मारले गेले. पण क्रिल त्या प्रमाणात वाढलं नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देवमाशांच्या अंगाला यंत्रं चिकटवून त्यांचं खाणं मोजलं गेलं. त्यावरून अंदाज निघाला, की शिकारीआधी तिथले देवमासे वर्षाला 43 कोटी टन क्रिल खात असावेत. आज दक्षिण महासागरात सगळं मिळून क्रिल आहे ते, एका प्रचलित अंदाजानुसार, 38 कोटी टनांच्या आसपास. म्हणजे खाणारे होते तेव्हा क्रिल आजच्यापेक्षा जास्तच असलं पाहिजे.

याचं एक पटणारं कारण लोह हे आहे. दक्षिण महासागराच्या बऱ्याच भागात पाण्यात लोह फार कमी असतं आणि त्याविना सूक्ष्म शेवाळ वाढत नाही. देवमासे खोल जाऊन क्रिल खातात आणि वर येऊन विष्ठा टाकतात. त्या विष्ठेत लोह भरपूर असतं, त्यावर शेवाळ वाढतं आणि शेवाळावर क्रिल. देवमासे गेले तसं हे खत घालणारंच कुणी उरलं नाही. 1982 मध्ये ठरलेली आणि 1986 पासून लागू झालेली व्यापारी शिकारबंदी म्हणूनच क्रिलच्याही कामाची आहे.

बर्फाच्या दाव्यात एक जुनं सत्य दडलेलं आहे. 2014 पर्यंत अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ एकूण पाहता थोडा वाढत होता, हे खरं. 2016 पासून तो एकदम घसरला. फेब्रुवारी 2023 मध्ये उन्हाळ्यातल्या बर्फाचा उपग्रहांनी नोंदवलेला नीचांक झाला, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बर्फ सुमारे 1 कोटी 70 लाख चौरस किलोमीटरपर्यंतच पसरला. हिवाळ्यातल्या आधीच्या नीचांकापेक्षाही तो 10 लाख चौरस किलोमीटरने कमी होता.

आणि क्रिलला सरासरी बर्फ नको असतो, पिल्लांच्या पहिल्या हिवाळ्यात नेमक्या जागी बर्फ लागतो. मादीने घातलेली अंडी शेकडो मीटर खोल बुडतात, तिथे फुटतात, आणि पिल्लं हळूहळू वर चढून येतात. मोठं क्रिल उपासमारीत अंग आकसून घेऊन तग धरू शकतं, कात टाकताना ते चक्क लहान होतं. पिल्लांकडे तेवढी चरबी नसते. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेलं शेवाळ खरवडून ती हिवाळा काढतात. बर्फ उशिरा धरला की त्यांचं खाणं गेलं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, म्हणजे क्रिलच्या प्रमुख पट्ट्यात, एकूण बर्फ वाढत होता त्या काळातही तो घटतच होता.

मग क्रिल घटलं का? इथे उलट बाजूने फिरणाऱ्या मजकुरांनाही आवर घातला पाहिजे. ‘80 टक्के क्रिल संपलं’ हे वाक्य सगळ्या महासागराबद्दल कुणी सिद्ध केलेलं नाही. अँगस अ‍ॅटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये नैर्ऋत्य अटलांटिककडच्या भागात 1970 च्या दशकापासून मोठी घट दाखवली. 2018 मध्ये दुसऱ्या एका गटाने जाळ्यांच्या नोंदी वेगळ्या पद्धतीने तपासल्या आणि अशी घट दिसत नाही असं म्हटलं. हा वाद खरा आहे. पण 1926 पासूनच्या नोंदी घेऊन 2019 मध्ये आलेल्या अभ्यासात याच भागातल्या क्रिलचा मुक्काम सुमारे 440 किलोमीटर दक्षिणेला सरकलेला दिसला, आणि क्रिलची सरासरी लांबी 6 मिलिमीटरने वाढलेली दिसली. लांबी वाढली म्हणून आनंद मानू नये. जाळ्यात मोठी जास्त आणि पिल्लं कमी येऊ लागली, असा त्याचा अर्थ.

एक टक्क्याचा दावा आकड्यात जवळपास बरोबर आहे, म्हणूनच तो जास्त फसवा. 2019 च्या पाहणीत नैर्ऋत्य अटलांटिककडच्या त्याच भागात सुमारे 6 कोटी 26 लाख टन क्रिल मोजलं गेलं आणि पकडीची मर्यादा आहे 6 लाख 20 हजार टन. पण बेळगाव जिल्ह्याची पावसाची सरासरी सांगून अथणीच्या शेतकऱ्याचं समाधान होईल का? कणकुंबीत धो धो पडतो, तो अथणीच्या विहिरीत उतरत नाही. जहाजंही महासागरभर विखुरलेली नसतात. क्रिलचे थवे दाट असतात तिथेच ती जमतात, आणि पेंग्विन, सील, देवमासे पिल्लांसाठी खाद्य शोधतात तेही तिथेच. पकड एका जागी साचू नये म्हणून ही मर्यादा चार उपभागांत वाटून देणारा नियम होता. 2024 मध्ये तो संपला आणि नव्या नियमावर एकमत झालं नाही. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट 2025 मध्ये, पहिल्यांदाच पूर्ण मर्यादा गाठली गेली आणि हंगाम संपायच्या कितीतरी आधी मासेमारी बंद करावी लागली.

कॅप्सूलबद्दल एवढंच सांगतो: ती घ्यावी की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारा. साठा अखंड आहे, हे मात्र ती घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

राहिला संबंधाचा प्रश्न. या पाण्यातली मासेमारी ठरवणारा आयोग ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला आहे, आणि भारत 1986 पासून त्याचा सदस्य आहे. तिथले निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात, त्यामुळे एका देशाचा नकारही ठराव अडवू शकतो. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र संरक्षित करण्याच्या प्रस्तावांना भारताने 2021 मध्ये पाठिंबा दिला. चीन आणि रशियाच्या विरोधामुळे ते अडकून पडले आहेत. दर ऑक्टोबरमध्ये आयोगाची बैठक भरते आणि आपल्या देशाचे प्रतिनिधी त्या टेबलाशी बसलेले असतात.