पांढरी व्हॅन आणि मिसिंगचं रजिस्टर

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजचा मजकूर असा आहे, शुद्धलेखन तेवढं मी नीट केलंय:

"सावधान! आपल्या भागातून रोज 70 मुली गायब होत आहेत. एकही परत येत नाही. पांढऱ्या व्हॅनमधून उचलतात, किडनी काढतात. गावात येणारे गोसावी, बहुरूपी, चादरवाले हे टोळीचे हेर आहेत. पोलीस 24 तास तक्रार घेत नाहीत. मुलींचे मोबाईल काढून घ्या, कॉलेज बंद करा. आई-बाप असाल तर दहा ग्रुपवर पाठवा."

दर काही महिन्यांनी हा मेसेज उगवतो. कधी त्यात सातारा असतो, कधी बीड, कधी धुळे. आपला जिल्हा घालायचा आणि पुढे ढकलायचा. या वेळी तो आमच्या ताईच्या सासरच्या ग्रुपवर पोचला आणि भावोजींनी भाचीचा एसटीचा पास कपाटात ठेवला. बारावीचं वर्ष, कॉलेज तालुक्याला. ताईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "अरे, पण आकडा सरकारी आहे म्हणतात." म्हणून हे लिहायला बसलो.

आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण तिथे मला थोडी माघार घ्यावी लागणार आहे.

"रोज 70" हवेतून आलेला नाही. 2023 च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात 18 ते 25 वयाच्या किती तरुणी बेपत्ता झाल्या, ते तेव्हा बातम्यांत आलं होतं आणि राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनीही तो विषय लावून धरला होता. जानेवारीत 1,600, फेब्रुवारीत 1,810, मार्चमध्ये 2,200. बेरीज 5,610. नव्वद दिवसांनी भागलं तर रोजच्या 62 येतात. 70 हा एकट्या मार्चचा हिशेब. पण ही किरकोळ चूक झाली. खरी गंमत पुढे आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै 2023 मध्ये संसदेत राज्यवार आकडे दिले. 2019 ते 2021 या तीन वर्षांत महाराष्ट्रातून 18 वर्षांवरच्या 1,78,400 स्त्रिया आणि 18 खालच्या 13,033 मुली बेपत्ता असल्याची नोंद झाली. भागाकार करा. रोजच्या 174 च्या पुढे जातात. देशभरात मिळून त्या तीन वर्षांत 13 लाखांवर. म्हणजे भीती पसरवणाऱ्याने भीतीसुद्धा निम्म्याहून कमी पसरवली.

मग मेसेज खरा का? नाही. त्याचं दुसरंच वाक्य आकड्याचा अर्थ उलटा करतं. "एकही परत येत नाही" हे धादांत खोटं आहे. तो आकडा पोलीस ठाण्यात झालेल्या नोंदींचा आहे, आज बेपत्ता असलेल्यांचा नाही. मुलगी तिसऱ्या दिवशी मावशीकडे सापडली तरी नोंद तीच राहते, वर्षाच्या बेरजेत धरली जाते. बहुसंख्य स्त्रिया सापडतात किंवा आपणहून परततात. राहतात त्या थोड्या. पण लाखाच्या आकड्यातल्या "थोड्या" म्हणजे हजारो घरं, आणि त्यांच्याबद्दल हा मेसेज एक अक्षर बोलत नाही. त्यांच्याकडे नंतर येतो.

आता व्हॅन, किडनी आणि गोसावी. हे वाचून मी खरोखर संतापलो, म्हणून इथे जरा जास्त थांबणार आहे.

किडनी म्हणजे पाकीट नव्हे, रस्त्यात मारलं आणि विकलं. रक्तगट जुळावा लागतो, ऊती जुळाव्या लागतात, घेणारा माणूस आधीपासून तयार लागतो, शस्त्रक्रियागृह लागतं, सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्सेस लागतात. काढलेली किडनी बर्फात ठेवली तरी दीड दिवसाच्या आत बसवावी लागते. हे सगळं ओम्नी गाडीच्या मागच्या सीटवर होत नाही. किडनीचे खरे गैरव्यवहार आपल्याकडे झालेत, पण ते कसे, ते पाहा. 2015 च्या अखेरीस अकोल्यात प्रकरण उघडकीस आलं तेव्हा कुणालाही पोत्यात घालून नेलेलं नव्हतं. सावकाराच्या कर्जात बुडालेली माणसं होती. त्यांना पैशांचं आमिष दाखवलं गेलं, काहींना शस्त्रक्रियेसाठी थेट श्रीलंकेला नेलं गेलं. आपल्या पायांनी चालत गेलेली माणसं. सावकाराविरुद्ध मात्र कुणी दहा ग्रुपवर मेसेज पाठवत नाही.

आणि "हेर". 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातून भिक्षा मागत आलेले पाच जण बसमधून उतरले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढंच निमित्त झालं. मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज त्या भागात आधीच फिरत होता. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही जण मेले. त्यांच्या पिशव्यांत काय निघालं असेल, तुम्हीच सांगा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तुमच्या फोनवर ती मर्यादा येण्यामागे असल्याच अफवांचे बळी होते, आणि त्यांत ही पाच माणसंही होती. तरी मेसेजवाला म्हणतो दहा ग्रुपवर पाठवा.

एवढ्याने संपलं नाही. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. तेव्हाही त्या परिसरात चोर येतात, मुलं पळवतात, अवयव काढतात अशाच वावड्या उठल्या होत्या. पुढे त्या घटनेवर कोण कुठल्या बाजूने काय बोललं ते सोडा. सुरुवात या असल्या मजकुराने झाली होती.

भावोजी, तुमच्या दारात दर सुगीला डवरी येतो. त्याला तुमचे वडील पसाभर ज्वारी घालायचे. उद्या कुणी त्याला पारावर बांधला, तर तुम्ही पुढे पाठवलेल्या मेसेजमुळेच बांधला असेल.

बरं, व्हॅन नाही तर मग मुली जातात कुठे? पहिली गोष्ट, त्या सगळ्या एका कारणाने जात नाहीत. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून बाई निघते. घरचे लग्न लावू पाहतात म्हणून मुलगी निघते, किंवा जिच्यावर जीव आहे त्या मुलाबरोबर जाते. यातल्या बऱ्याच जणी कुठे आहेत ते घरच्यांना दोन दिवसांत कळतं, पण गावात तोंड दाखवायचं म्हणून "पळवली" असं सांगितलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 48 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये 43.7 टक्के. राज्याची सरासरी 21.9. ऊसतोडीला जाताना मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्न उरकून टाकतात. त्या घरातून सोळाव्या वर्षी मुलगी निघून गेली तर तिला न्यायला व्हॅन कशाला हवी?

दुसरी गोष्ट, विक्री होते. ती नाकारण्यात अर्थ नाही आणि मेसेजवाल्याला एवढं श्रेय नाइलाजाने द्यावंच लागेल. पण विकणारा अनोळखी नसतो. "तिकडे चांगलं स्थळ आहे, हुंडा नको, उलट तेच खर्च करतील" असं सांगणारी बाई ओळखीची असते. कामाला लावून देतो म्हणणारा मुकादम ओळखीचा असतो. ज्या भागांत वर्षानुवर्षं मुली पोटातच मारल्या गेल्या, तिथे नवरीचा भाव फुटतोच, आणि आपण काही या बाबतीत सोवळे नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. आणि काही मुली तर गायब झाल्याची नोंदसुद्धा होत नाही. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात असल्याचं बाहेर आलं. कधी? त्यांतली एक मुलगी मेली तेव्हा. तोवर कुठल्याच रजिस्टरमध्ये ती हरवलेली नव्हती.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत शेवटी एका धर्माचं नावही जोडलेलं असतं. त्यावर फार शाई घालवत नाही. गृह मंत्रालयाचं जे उत्तर वर सांगितलं, त्यात साल, राज्य आणि वय एवढीच वर्गवारी आहे. बाकीचं ज्याने जोडलं त्याने घरून आणलंय.

"पोलीस 24 तास तक्रार घेत नाहीत." असा नियम कुठेही नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलन या मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की हरवलेलं मूल 18 च्या आतलं असेल तर अपहरण किंवा मानवी वाहतूक, म्हणजे माणसांची खरेदी-विक्री, झाल्याचं गृहीत धरून गुन्हाच दाखल करायचा. वाट पाहायची नाही. आणि आता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. हा 24 तासांचा नियम सिनेमांतल्या हवालदारांनी लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसवलाय की आई-बाप स्वतःच एक दिवस घरी बसून राहतात. त्या एका दिवसात मुलगी राज्याबाहेर गेलेली असते. मेसेजमधलं सर्वांत निरुपद्रवी दिसणारं वाक्य हे, आणि खऱ्या प्रसंगात सर्वांत जास्त नुकसान तेच करतं.

पण मुलगी 18 ची झाली की चित्र बदलतं, आणि इथे मी पोलिसांची वकिली करणार नाही. सज्ञान बाईची "मिसिंग" होते. एका रजिस्टरमध्ये नोंद. तो गुन्हा नसतो. एखाद्या अंमलदाराकडे ती जाते, ज्याच्याकडे बंदोबस्त, समन्स आणि आणखी पन्नास कामं असतात. आणि ठाण्यात पहिलं वाक्य ऐकू येतं, "कुणाबरोबर गेली असेल, येईल दोन दिवसांनी." बऱ्याचदा येतेही. म्हणूनच जी येणार नसते तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

याचा परिणाम काय होतो ते पाहायला वाईजवळच्या धोमला जायचं. ऑगस्ट 2016 मध्ये तिथल्या एका फार्महाउसच्या आवारात पोलिसांनी खणायला सुरुवात केली आणि पुरलेले मृतदेह निघाले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार 2003 पासून 2016 पर्यंत सहा खून, त्यांत पाच स्त्रिया. आरोपी गावात डॉक्टर म्हणवून वावरणारा, सगळ्यांना माहीत असलेला माणूस. पहिली बाई गेली तेव्हापासून तेरा वर्षं! तेवढ्या काळात एका तालुक्याच्या परिसरातून बायका नाहीशा होत राहिल्या, आणि त्या गेल्या असतील कुठेतरी, असं धरून चाललं. शेवटची बाई अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या चळवळीतली, चार लोकांत उठबस असलेली होती. तिच्या नाहीसं होण्याचा बोभाटा झाला, तिच्या फोनचे कॉल तपासले गेले आणि मग धागा हाती लागला.

कॉल तपासले गेले, हे पुन्हा वाचा. कारण मेसेजचा शेवटचा सल्ला आहे की मुलींचे मोबाईल काढून घ्या. हरवलेल्या माणसाचा माग काढायचं पहिलं साधन तेच, आणि तेच काढून घ्यायचं! संकटात सापडलेल्या मुलीने 112 लावायचा तो कशावरून? लहान असेल तर चाइल्डलाइनचा 1098 लावायचा तो कुणाच्या फोनवरून? आणि कॉलेज बंद केलं की पुढे काय होतं ते परभणी-बीडच्या आकड्यांत वर आलंच आहे. दोन वर्षं घरी बसवलेल्या मुलीला तिसऱ्या वर्षी स्थळ येतं.

आता ज्या खरंच सापडत नाहीत त्यांच्याबद्दल. सांगलीकडच्या एका बापाची मुलगी बेपत्ता झाली. 2024 मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि पुरावा म्हणून दिले ते हेच, राज्यातून लाखावर स्त्रिया बेपत्ता झाल्याचे संसदेतले आकडे. शोधाची यंत्रणा काय करते, हे न्यायालयाने सरकारला आणि महिला आयोगाला विचारलं. विषय तोच, ताई, जो तुमच्या ग्रुपवर फिरतोय. त्या माणसाने आकडे घेऊन न्यायालय गाठलं. तुमच्या ग्रुपने गोसाव्याचा माग काढला.

ग्रुपला खरंच काही करायचं असेल तर आपल्या तालुक्याच्या ठाण्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. गेल्या पाच वर्षांत 18 वर्षांवरच्या किती स्त्रियांच्या मिसिंग नोंदी झाल्या, त्यांतल्या वर्षाहून जुन्या आणि अजून उघड्या किती, त्यांतल्या किती अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे गेल्या, किती जणींच्या फोनचे तपशील मागवले गेले. नावं विचारू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. संख्या विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. तहसीलबाहेरच्या स्टँप व्हेंडरकडे मिळतो, आणि भाचीची एसटी तिथूनच जाते.