डावा पाइप कणसूर

माझ्या मोटारसायकलचा डावा पाइप कणसूर आहे, म्हणजे सुरापासून कणभर ढळलेला, असा निकाल परवा गोव्यात फोंड्यातल्या एका गॅरेजात एका पेटीवाल्या मास्तरांनी चारचौघांत देऊन टाकला. चारचौघांत म्हणजे गॅरेजवाला, त्याच्या हाताखालचा पोरगा, सायकलचं पंक्चर काढायला आलेला एक पोदेर, म्हणजे पाववाला, आणि स्कूटरच्या ब्रेकवायरसाठी ताटकळलेल्या एक बाई. बाईंनी मान डोलावली. गाडी माझी, पाइप माझे, पैसे माझे. पण मान डोलावताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आधीची कथा चटकन उरकतो, कारण तिच्यात खर्चाशिवाय काही नाही. माझी क्रूझर दोन सिलिंडरांची, साडेसहाशे सीसीची. वजन दोनशेचाळीस किलोच्या घरात, आणि कारखान्यातून येतानाचा आवाज मात्र शिलाई मशीनसारखा. एवढं धूड घेऊन वाड्यावर शिरावं आणि रस्त्यात बसलेल्या म्हशीने कानसुद्धा हलवू नये, याला काय अर्थ आहे? म्हणून पाइप बदलायचं ठरलं.

पाइप निवडायचा कसा, तर मोबाइलवर व्हिडिओ बघून. सगळं जग असंच निवडतं. वास्तविक ज्या खर्जासाठी आपण जीव टाकतो, तो मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. महागडा मेगाफोन असो, तिरका कापलेला स्लॅश कट असो की स्वस्तातला पी-शूटर, फोनवर सगळे एकाच सुरात फटफटतात. तरी मी रात्र-रात्र कानात बोंडं घालून ऐकलं. बायकोने एकदा विचारलं, ‘कुणाचं गाणं ऐकताय?’ मी म्हटलं, ‘एसएस तीनशेचारचं.’ त्यानंतर तिने विचारायचं सोडलं.

तीनशेचारचं स्टेनलेस स्टील मात्र मी विचार करून घेतलं. आपल्याकडची खारी हवा क्रोमला दोन पावसाळ्यांत पुरळ आणते, आणि बेंडजवळचं क्रोम तापून निळं पडतं ते वेगळंच. स्लिप-ऑन घेतला, म्हणजे पुढचे बेंड पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जिथल्या तिथे. बदलायचे ते फक्त मागचे दोन सायलेन्सर. आत भोकाभोकांची नळी, तिच्याभोवती ग्लास वूल, तोंडाशी बोल्टने आवळलेला डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारं बूच. कायद्याचंही विचारलं होतं. पावणेदोनशे सीसीच्या वरच्या नव्या दुचाकीला 80 डेसिबलची मर्यादा आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड बसू शकतो. विकणारा म्हणाला, ‘डीबी किलर आसा मरे, पात्रांव!’ आणि विषय संपवला. डेसिबल मोजून दाखव म्हटलं तर त्याने छातीवर हात ठेवला.

बसवायचं काम ‘फाल्यां’, म्हणजे उद्या, होणार होतं. किती फाल्यां गेले ते मी मोजलेले नाहीत. मग एके दिवशी खरोखरच जुने सायलेन्सर उतरवायला घेतले तर क्लॅम्पचा बोल्ट गंजून असा बसला होता की पान्याने बोल्ट न फिरता त्याचं डोकंच गोल झालं. तेल मारून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी तापवला, ठोकला, त्याच्या आईची आठवण काढली, तेव्हा कुठे सुटला. नवे पाइप चढले. गाडी सुरू झाली. आणि थ्रॉटल सोडला की डाव्या बाजूने ‘फट्, फट्टाक्, फट्’ असे बार निघायला लागले. मी गॅरेजवाल्याकडे बघितलं.

‘हे फटाके काढून घ्यायला लोक वेगळे पैसे मोजतात,’ तो म्हणाला. ‘तुका फुकट.’

आणि इथे मास्तर उठले.

इतका वेळ ते टायरच्या ढिगावर शांत बसून होते. पांढरा लेंगा, बिनकॉलरचा सदरा, खांद्याला शबनम. उभी हयात जत्रेच्या नाटकांत पेटी-ऑर्गन वाजवण्यात गेलेली. ते कशासाठी आले होते, तर स्कूटरचा हॉर्न बदलायला. हॉर्न चालू होता, जोरात वाजत होता. पण तो निषादाला चिकटून वाजतो आणि षड्जावर येतच नाही, म्हणून रस्त्याने जाताना त्यांचा जीव टांगणीला लागतो. गॅरेजवाल्याने त्यांच्यासमोर पाच-सहा हॉर्न मांडले होते आणि ते एकेकाला बॅटरीची वायर लावून, डोळे मिटून बाद करत होते.

आमच्याकडच्या नाटकातल्या माणसांचं एक असतं. घरी-दारी कोकणी, पण काही गंभीर बोलायचं झालं की रंगमंचावरचं मराठी आपसूक चालू होतं, हात पुढे करून. मास्तर गाडीमागे आले आणि म्हणाले, ‘थांबव!’

मी गाडी बंद केली.

‘बंद कुणी सांगितली? फटाके थांबव. गाडी चालू दे.’

मी चालू केली. ते आधी उजव्या पाइपमागे उकिडवे बसले, मग डाव्या. एका कानात बोट घालून दुसरा कान पाइपच्या इतका जवळ नेला की गॅरेजचा पोरगा ‘मास्तर, भाजता!’ म्हणून ओरडला.

‘हा स्वरच नव्हे,’ मास्तर म्हणाले. ‘हा ठेका आहे.’

त्यांनी मला गाडीचा हिशेब विचारला. आयडलिंगला मिनिटाला साधारण हजार फेरे, चार स्ट्रोकचं इंजिन, सिलिंडर दोन. त्यांनी बोटांच्या पेरांवर गुणाकार केला. सेकंदाला सोळा-सतरा ठोके पडतात. स्वर म्हणून कानाला लागायचा तर वीसच्या आसपास तरी कंपनं हवीत. म्हणजे मी बाजारात जाऊन मोठ्या किमतीला तबला आणला होता आणि त्याला गायला सांगत होतो. ही त्यांची भाषा. बाईंनी पुन्हा मान डोलावली.

मला राग आला. मी म्हटलं, ‘मास्तर, ह्याचा क्रँक 270 अंशांचा आहे. पहिला बार झाल्यावर 270 अंशांनी दुसरा, आणि पुढचा 450 अंशांनी. म्हणून तो लंगडत चालल्यासारखा ऐकू येतो. ते मुद्दाम केलेलं असतं.’

‘नव्वदांनी भाग,’ मास्तर म्हणाले.

‘काय?’

‘दोन्हींना नव्वदांनी भाग. तीन आणि पाच. आठ मात्रा झाल्या. म्हणजे केरवा. पण साधा केरवा नव्हे, तीन-पाच करणारा.’

पोदेर हसला. त्याचं पंक्चर केव्हाच निघालं होतं. सायकल स्टँडवर, पावांची टोपली कॅरियरवर, गिऱ्हाइकं कुठल्यातरी वाड्यावर वाट बघताहेत, आणि हा इथे केरवा ऐकतोय. गाडीबद्दल मलाही काही कळतं हे दाखवणं भाग होतं. मी हार्ले-डेव्हिडसनची गोष्ट काढली. 1994 साली त्या कंपनीने आपल्या व्ही-ट्विनच्या आवाजावर ट्रेडमार्क मिळावा म्हणून अमेरिकेत अर्ज केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि 2000 साली तिने तो नाद सोडला. ‘त्यांचे बार 315 आणि 405 अंशांवर पडतात,’ मी म्हटलं, आणि आपण काय केलं हे माझ्या लक्षात आलं तोवर मास्तरांनी डोळे मिटले होते.

‘पंचेचाळिसांनी भाग. सात आणि नऊ. सोळा मात्रा.’ डोळे उघडले. ‘हे लोक त्रितालाचा मालकी हक्क मागत होते?’

आता गॅरेजात काम पूर्ण थांबलं होतं. मास्तरांनी शबनम सावरली आणि आवाजांवर सरकार कसं उठतं यावर बोलायला लागले. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 साली कुठे सैल झाली. तीस वर्षं देशातल्या बऱ्याच घरांत, गावात, कीर्तनात, नाटकात पेटी वाजत होती, फक्त सरकारी माइकसमोर ती वाजायची नाही. ‘माझ्या वाद्याला एकदा अस्पृश्य ठरवलं, आता तुझ्याला ठरवतायत. आपण जातभाई.’ त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. क्षणभर मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, ‘पण पेटी सुरात असायची. तुझा डावा कणसूर आहे.’

‘नवा आहे तो, मास्तर,’ गॅरेजवाला म्हणाला.

‘नवो म्हणून सुरांत आसता कितें?’

त्यांनी शबनममधून नाटकाचं एक हँडबिल काढलं, त्याची बोटभर पट्टी फाडली आणि बेंड पाइप जिथे सायलेन्सरमध्ये शिरतो त्या सांध्याशी धरली. पट्टी फडफडायला लागली. उजव्या बाजूला धरली, पट्टी गप्प. डाव्या सांध्याखाली काजळीची एक बारीक रेघ ओघळली होती, तीवर त्यांनी करंगळी फिरवली, काळी करंगळी सर्वांना दाखवली आणि म्हणाले, ‘भात्याला भोक आहे. दुसरं काही नाही.’

खरं होतं. सांध्यातली गॅस्केट तिरकी बसली होती. सांधा गळका असला की थ्रॉटल सोडल्यावर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळालेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात पेट घेतं आणि बार होतो. तेच ते फुकटचे फटाके. आणि जो माणूस दहा मिनिटांपूर्वी ते मला बक्षीस म्हणून देत होता, तो आता पोराला म्हणाला, ‘मी सांगलेलें मरे तुका.’ पोराने निमूट पाना उचलला.

बिल मलाच आलं. नवी गॅस्केट, तिची मजुरी, आणि आधी तिरकी बसवल्याची मजुरी तर अगोदरच भरलेली. मास्तरांचा हॉर्न फुकट बसला. षड्ज लावतो म्हणे. मी काही बोललो नाही, पण अजून ते मनातून जात नाही. आवाज माझा, त्याची परीक्षा चारचौघांत, आणि परीक्षा फीसुद्धा मीच भरायची.

वर त्याच संध्याकाळी नाक्यावर एका साहेबांनी अडवलं. सांधा आवळलेला, डीबी किलर जागेवर, फटाके बंद. साहेबांकडे यंत्र नव्हतं. त्यांनी कान दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या, तो आठ्यांचा पंचनामा. मी 80 डेसिबल, नियम असं काही बोलत होतो तेवढ्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या भाड्याच्या तीन दुचाक्या, उघड्या अंगाची सहा माणसं घेऊन, हॉर्नवरचा हात न काढता शेजारून गेल्या. साहेबांनी त्यांना वाट करून दिली. पर्यटन आहे, सांभाळायला हवं. किनाऱ्यावर रात्री दहानंतर काय वाजतं ते किनाऱ्यावर झोपायचा प्रयत्न करणाऱ्यांना विचारा. लाउडस्पीकरचे नियम 2000 सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. राज्याला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. त्या पंधरांत आमच्या गावच्या जत्रेचं नाटक बसवताना कमिटीच्या नाकी नऊ येतात, कारण जत्रेच्या नाटकाचा पडदा वर जायचीच वेळ मुळात ती. तिकडे दर हिवाळ्यात वागातोरच्या बाजूला देशभरचे बुलेटवाले जमतात, त्यांचे पाइप माझ्यापेक्षा किती तरी मोठ्याने बोलतात, आणि पेपरात रंगीत फोटो येतात. गावातल्या माणसाने गावातच राहून थोडासा खर्ज लावला की आठ्या. मला सोडलं, पण ‘परत दिसलास तर’ म्हणून सोडलं. मी दिसणारच, माझं घर त्याच रस्त्यावर आहे.

हे सगळं निस्तरतंय तोवर काल मास्तरांचा फोन. नंबर गॅरेजवाल्याने दिला. यंदा जत्रेला पावनखिंडीचं नाटक आहे. मागच्या वेळी विशाळगडावरच्या तोफांसाठी सुतळी बाँब आणले होते, ते सादळले. बाजीप्रभू खिंडीत रक्तबंबाळ होऊन उभे, तोफ काही होईना, आणि तोफ झाल्याशिवाय त्यांना प्राणही सोडता येईनात. शेवटी विंगेतून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला. प्रेक्षक हसले. बाजींनी तो अपमान अजून गिळलेला नाही.

‘तुझे ते डाव्या पाइपचे बार,’ मास्तर म्हणाले, ‘त्यांना वजन होतं. गाडी रंगमंचामागे उभी करायची, मी पेटीवरून मान हलवली की रेस देऊन सोडायची.’

मी म्हटलं, ‘मास्तर, तुम्हीच ते बंद करवलेत.’

‘म्हणून तर जुनी गॅस्केट ठेवायला सांगितली आहे.’

मी गॅरेजवाल्याला फोन लावला. जुनी तिरकी गॅस्केट खरंच डब्यात जपून ठेवलेली. प्रयोगापुरती परत बसेल का, विचारलं. ज्या माणसाने माझ्या एकाही कामाला आजवर फाल्यांच्या अलीकडची तारीख दिली नाही, तो म्हणाला, ‘जाता! आयजच हाड.’ आजच आण!

तालीम पुढच्या रविवारपासून आहे. कमिटीने मानाचा नारळ ठरवला आहे. पेट्रोल आणि गॅस्केट दोनदा काढा-घालायची मजुरी कोण देणार, हे विचारलं तर मास्तर म्हणाले, ‘बाजीप्रभूंनी विचारलं होतं का?’